कुणीच नावे ठेवली नाहीत

मारित वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण तेवीस डिसेंबरच्या संध्याकाळी ती सासूच्या तळघरात मुरंब्याची बरणी आणायला उतरली आणि गुपचूप वर आली, त्यावरून कुणीही तिच्याबद्दल भलतेच मत करून घेईल.

तळघरात जस्ताचा टब भिंतीला उपडा टेकवलेला होता. कोरडा ठणठणीत. आणि त्याच्या वर, खुंटीला, नाताळच्या बरगड्या तशाच टांगलेल्या होत्या.

आमच्या या किनाऱ्यावर नाताळचे मांस म्हणजे मेंढीच्या बरगड्या. शरद ऋतूत मिठात पुरायच्या, मग माळ्यावर वाऱ्याला वाळवायच्या आणि शिजवण्याआधी पूर्ण रात्र आणि अर्धा दिवस पाण्यात बुडवून ठेवायच्या, म्हणजे मीठ उतरते. न भिजवता शिजवल्या तर तोंडात धरवत नाहीत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मारितची सासू गुनवोर लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून बरगड्या भिजवायचे काम तिचेच होते, आणि ती ते कधी विसरली नव्हती.

मारितने टबाकडे पाहिले, मग बरगड्यांकडे. म्हातारी रात्री घालेल पाण्यात, असे तिने स्वतःला सांगितले. पण दरवर्षीची वेळ उलटून गेली आहे हे तिला कळत होते. टब सरळ करायचा, नळाखाली धरायचा, बरगड्या आत सोडायच्या, एवढेच काम होते. तिने मुरंबा घेतला, दिवा मालवला आणि ती वर आली.

“सापडली बरणी?” गुनवोरने विचारले.

“सापडली.”

“मग एवढा वेळ काय करत होतीस खाली?”

“काही नाही,” मारित म्हणाली, आणि अंगण ओलांडून स्वतःच्या घरी गेली.

त्यामागे सगळा शरद ऋतू होता. मारित आणि तिचा नवरा आयविन अंगणापलीकडच्या नव्या घरात राहत होते, त्यामुळे सासूच्या घरची चूल रात्रभर चालू राहिली तर धावायचे मारितने, औषधाच्या गोळ्या साखरेच्या डब्यात सापडल्या तर काढायच्या मारितने. ऑक्टोबरात गुनवोर पहाटे घरातल्या सपाता घालून फ्योर्डच्या खाडीकाठी होडीघराशी उभी सापडली. निल्स मासे घेऊन येतोय, असे ती म्हणत होती. निल्सला, तिच्या नवऱ्याला, जाऊन चार वर्षे झाली होती. त्यानंतर फेरीबोटीने पलीकडे लागणाऱ्या गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली आणि नव्या वर्षात उत्तर कळवा, असा निरोप आला.

गुनवोरने तेव्हा स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर सांगितले होते, “नाताळचं जेवण मी करणार. एकटी. कुणी हात लावायचा नाही. नीट झालं तर मी या घरातून हलणार नाही, आणि पुन्हा हा विषय नको. बिघडलं तर तुम्ही म्हणाल तिथे जाईन.”

आयविनने मान डोलावली होती. बर्गनहून फोनवर असलेली त्याची बहीण यूरिद म्हणाली होती, “हे बरोबर बोललीस आई.” यूरिदला बर्गनमधून सगळे बरोबरच दिसायचे. मारितही हो म्हणाली होती. कुणी हात लावायचा नाही, असे ठरले होते ना, मग मी नाही लावला हात, असे ती त्या रात्री अंथरुणात स्वतःला बजावत राहिली आणि झोप काही आली नाही.

*

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चोवीसच्या संध्याकाळी, सगळे नाताळच्या जेवणासाठी चर्चहून परत येईपर्यंत काळोख पडला होता. खिडकीत कागदी चांदणी लावलेली होती, अंगणातल्या खांबाला पाखरांसाठी ओटची पेंढी बांधलेली होती. घरात बरगड्यांखाली पातेल्यात घातलेल्या बर्चच्या काड्यांचा आणि मेंढीच्या चरबीचा वास भरलेला होता. आयविनला त्या वासाने हायसे वाटले. दरवर्षीचाच वास होता, त्यात काही उणे नव्हते.

टेबलाशी सहाजण बसले. गुनवोर चुलीच्या बाजूला, तिच्या उजवीकडे अर्नफिन. अर्नफिन शेजारचा, निल्सबरोबर एकाच होडीवर त्याचे आयुष्य गेले होते, आणि बायको वारल्यापासून नाताळला तो याच टेबलाशी जेवायचा. मग यूरिद, समोर आयविन आणि मारित, आणि टोकाला त्यांची मुलगी तूवा, जी शिकायला त्रोंडहाइमला गेली आणि मांस सोडून आली.

“तूवासाठी वेगळं भरीत केलंय,” गुनवोर म्हणाली आणि सलगमच्या भरताचा छोटा वाडगा तिच्यापुढे सरकवला. “तुमच्या मोठ्या भरतात बरगड्यांचं पाणी घातलंय. हिच्यात नुसती साय.”

“आजी, लक्षात ठेवलंस तू.”

“मी सगळं लक्षात ठेवते,” गुनवोर म्हणाली. ती मारितकडे बघत होती.

आयविनने एक बरगडी ताटात घेतली, मांस सोडवले आणि घास तोंडात घातला.

आधी त्याला वाटले जीभ भाजली. मग मीठ कळले. डोळ्यांत पाणी आले. आई टब भरायला विसरली, एवढे एकच वाक्य त्याच्या डोक्यात आले, आणि त्याच्या मागोमाग ऑक्टोबरातली ती पहाट, ओल्या सपाता, आईचे गारठलेले हात. त्याने घास न चावता गिळला. वर पाहिले तर यूरिदचा काटा हवेत थांबला होता. अर्नफिन मात्र खाली मान घालून रीतसर चावत होता.

कुणीतरी बोलायला हवे होते. या घरात नाताळच्या टेबलावर स्वयंपाकाला नावे ठेवायची रीत होती. ती निल्सने पाडली. पहिला घास खाऊन तो काटा खाली ठेवायचा, छताकडे बघायचा आणि म्हणायचा, “मेंढी म्हातारी होती का ग, की करताना तूच रागात होतीस?” मग सगळे तुटून पडायचे. बटाटे दगड झालेत, भरीत पातळ आहे, धूर जास्त लागलाय. गुनवोर एकेकाला उत्तरे द्यायची, तिचे गाल लाल व्हायचे, आणि तो तिचा नाताळ असायचा. छान झालंय असे फक्त पाहुणे म्हणत. मारितही पहिल्या वर्षी म्हणाली होती. तेव्हा निल्स हसून म्हणाला, “ही अजून पाहुणीच आहे.” पुढच्या वर्षी तिने घाबरत घाबरत बटाटे कच्चे आहेत म्हटले, तेव्हा गुनवोरने उठून तिचा पेला स्वतःच्या हाताने भरला होता. मारित घरची झाली ती त्या दिवशी, लग्नात नव्हे.

“मग?” गुनवोरने विचारले. “कसं झालंय?”

आयविनने तोंड पुसले. “छान झालंय, आई.”

“अगदी छान,” यूरिद घाईघाईने म्हणाली. “बर्गनमध्ये असं मिळत नाही.”

“मला अजून एक वाढ,” अर्नफिन म्हणाला.

गुनवोरने त्याला वाढले. तिने स्वतः एक लहानसा घास घेतला, बराच वेळ चावला, आणि मारितकडे वळली. “आणि तू ग?”

मारितने काटा खाली ठेवला. ज्या घडीची ती काल रात्रीपासून वाट बघत होती ती हीच. आत्ता एक वाक्य बोलले की सगळे संपत होते. चूल, गोळ्या, पहाटेची धावपळ. ते वाक्य खरेही होते.

“चांगलं आहे,” ती म्हणाली.

*

पाण्याचा जग बघता बघता रिकामा झाला. तूवा सगळ्यांकडे टकमक बघत होती. तिच्या भरतात काही वावगे नव्हते, तेव्हा तिला बिचारीला काही कळायला मार्ग नव्हता.

“तुम्ही सगळे एवढं पाणी का पिताय? गोठ्यातल्या वासरांसारखे.”

“चुलीमुळे गरम होतंय,” आयविन म्हणाला.

“गरम? माझे पाय गार पडलेत.”

“मी जग भरून आणते,” यूरिद उठली. मारितही बिअर आणते म्हणून तिच्या मागे गेली.

स्वयंपाकघरात यूरिदने नळ मोठा सोडला, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. आधी ती स्वतः ओंजळीने पाणी प्यायली. ती आयविनची धाकटी बहीण, आईची लाडकी. आई या घरात आहे तोवरच आपलेही एक घर आहे, असे तिला वाटायचे. बर्गनच्या भाड्याच्या जागेत तिला हे कुणाला सांगता येत नसे.

“एक शब्द बोलायचा नाही, मारित.”

“मी बोलले का काही?”

“तुला हेच हवं होतं. माहितीये मला.”

“मला काय हवंय ते तू विचारलंयस कधी? वर्षातून दोनदा येतेस. येतेस, तिचे केस विंचरतेस, फोटो काढतेस आणि जातेस.”

“म्हणून काय तिला खोलीत कोंडायचं?”

“कोंडायचं कुणी म्हटलं? तिथे रात्री माणूस जागं असतं. इथे मी असते, आणि मी झोपते.”

यूरिदने जग भरला, पण उचलला नाही. “काल तू खाली गेली होतीस ना? मुरंबा आणायला? आई सांगत होती.”

“हो.”

“टब नाही दिसला तुला?”

“मी तिकडे बघितलं नाही,” मारित म्हणाली.

आयविन आत आला आणि त्याने दार ओढून घेतले. “दोघी मिळून काय करताय? आई विचारतेय.”

“हिला सांग,” यूरिद म्हणाली. “जेवण छान झालंय असं सगळ्यांनी सांगितलं. ठरल्याप्रमाणे आई इथेच राहणार.”

आयविनने नळाखालचा जग उचलला आणि तसाच तोंडाला लावला. त्याचा शर्ट भिजला तरी तो थांबला नाही.

“यूरिद,” तो शेवटी म्हणाला, “तू खाल्लंस ना ते मांस?”

“खाल्लं.”

“मग?”

यूरिदने ओटा पुसायला घेतला, जो आधीच स्वच्छ होता. इतके महिने ती भावाशी फोनवर भांडली होती, आणि आता तिला भांडायला एक शब्द सापडत नव्हता.

“आजचा दिवस जाऊ दे,” आयविन म्हणाला. “आज तिला कुणी काही बोलायचं नाही. हसतखेळत जेवायचं. सुट्या संपल्या की मी फेरीपलीकडे कळवून टाकतो. तिला नंतर हळूच सांगू.”

“नंतर म्हणजे कधी?” मारितने विचारले.

“नंतर.”

“म्हणजे आज तोंडावर छान म्हणायचं, आणि मागून...”

“तुला तर बरंच वाटायला हवं,” आयविन म्हणाला. तो बायकोशी असे कधी बोलत नसे. यूरिदने मान डोलावली, आणि मारितच्या लक्षात आले की भाऊबहीण पहिल्यांदाच एका बाजूला आहेत आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला. तिला जे हवे होते ते तिला मिळाले होते. तिने बिअरच्या बाटल्या उचलल्या आणि ती त्यांच्या पुढे बाहेर गेली.

*

बंद दाराच्या मागे तिघे कुजबुजत होते तोवर गुनवोर अर्नफिनकडे बघत बसली होती. तो चौथी बरगडी खात होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“पुरे, अर्नफिन,” ती हळूच म्हणाली.

“भूक आहे मला.”

“तुझं ब्लडप्रेशर.”

“नाताळ आहे,” तो वर न बघता म्हणाला.

पहिल्या घासालाच तिला कळले होते. जीभ अजून शाबूत होती तिची. आणि तेव्हापासून ती आठवत होती. काल संध्याकाळ. नळ सोडल्याचा आवाज, टबात पडणारे पाणी, थंडगार बोटे. सगळे तिला स्पष्ट आठवत होते, पण ते कालचे होते की निल्सच्या वेळचे, हे काही केल्या सांगता येत नव्हते. हे तिने कुणाला सांगितले नसते. त्याचीच तिला भीती वाटत होती.

पण एवढ्याने ती हरली नव्हती. भांडायची तिची पूर्ण तयारी होती. आयविन म्हणेल, आई, खारट झालंय. मग ती म्हणणार होती, तुझ्या लग्नाच्या वर्षी तुझ्या बायकोने केक जाळला होता, तिला कुठे पाठवलं आपण? यूरिद आईची बाजू घेईल, मारित चिडेल, अर्नफिन हसेल, आणि भांडता भांडता काहीतरी मार्ग निघेल. या घरात मार्ग नेहमी असेच निघत आले होते. ती फक्त कुणी सुरुवात करते का, याची वाट बघत होती.

तिघे येऊन बसले. सगळ्यांचे चेहरे धुतल्यासारखे झाले होते.

“आज टेबल फार शांत आहे,” गुनवोर म्हणाली. तिने वाट पाहिली. “निल्स असता तर आत्तापर्यंत काहीतरी बोलला असता.”

“काय बोलणार, आई?” आयविन हसून म्हणाला. “नावं ठेवायला जागाच नाही.”

“खरंच नाही,” यूरिद म्हणाली, आणि तिने आईच्या हातावर हात ठेवून थोपटले. आजाऱ्याला थोपटतात तसे.

गुनवोरने तो हात बाजूला केला. रागाने नव्हे. तिने रुमालाची घडी घातली, ताटाशेजारी ठेवली.

“मग कळवून टाक, आयविन. खोली घेते मी.”

तूवाने घास खाली ठेवला. “कसली खोली?”

“आई, असं काय करतेस?” यूरिदचा आवाज चिरकला. “जेवण तर...”

“जेवण खारट आहे, बाळ. कुत्र्यापुढे टाकलं तरी तो खाणार नाही. मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला?”

“आम्हाला तुला दुखवायचं नव्हतं,” आयविन म्हणाला.

“दुखवायला हवं होतं रे. तेच तर करत आलो आपण इतकी वर्षं. तुझे बाबा मला किती बोलायचे या टेबलावर. शेवटच्या नाताळला गिळता येत नव्हतं त्यांना, तरी म्हणाले, भरतात गुठळ्या आहेत.” ती थांबली, श्वास घेतला. “सांगितलं असतंत तर मी भांडले असते. पाहुणी केलीत मला तुम्ही. पाहुण्याला काय, आज ना उद्या जायचंच असतं.”

अर्नफिनने काटा ठेवला आणि हाताच्या उलट्या बाजूने डोळे पुसले. डोळ्यांतले पाणी मिठाने आले होते असे म्हणायला आता वाव नव्हता.

“टब उपडा होता,” मारित म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“काल संध्याकाळी. मी बघितला. बरगड्या खुंटीला होत्या. मी दिवा मालवला आणि वर आले.”

“तू म्हणालीस बघितलं नाही,” यूरिद म्हणाली.

“खोटं बोलले.”

आयविनने बायकोकडे असे बघितले, जणू ती कोण आहे ते त्याला आठवतच नव्हते. गुनवोर मात्र शांत होती. तिला एका गोष्टीचे हायसे वाटले होते, आणि त्याची तिला लाजही वाटली. तिला आठवणारे पाणी कालचे नव्हतेच, ते निल्सच्या वेळचे होते, हे आता नक्की झाले होते.

“टब भरायला कितीसा वेळ लागतो?” तिने विचारले.

“काहीच नाही लागत.”

“फार थकली होतीस?”

“हो,” मारित म्हणाली. “फार.”

गुनवोरने पाण्याचा जग दोन्ही हातांनी उचलला. थोडे पाणी टेबलक्लॉथवर सांडले. तिने मारितचा पेला काठोकाठ भरला. माफ केले की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कुणाला कळले नाही, मारितलाही नाही. मारितने तो पेला एका दमात रिकामा केला.

मग काही करायला हवे म्हणून मारित उठली आणि ताटे गोळा करू लागली. आयविन दिव्यासाठी काड्यापेटी शोधू लागला. या रात्री आमच्याकडे टेबल आवरत नाहीत. उरलेले अन्न तसेच ठेवतात, एक दिवा जळत ठेवतात, आणि घरातली गेलेली माणसे येऊन जेवून जातात असे म्हणतात. पण आज ते मांस टेबलावर ठेवायचे कसे, असे मारितला वाटले असावे. तिने बरगड्यांचे ताट उचलले आणि ती स्वयंपाकघराकडे वळली.

“कुठे नेतेस?” गुनवोर म्हणाली.

“टाकून देते. कोण खाणार हे?”

“आण इकडे. मधे ठेव. दिव्याजवळ.” ती खुर्चीच्या पाठीला धरून उठली आणि तिने तूवाच्या खांद्याचा आधार घेतला. “निल्सला दिसायला हवं. तो तरी मला बोलेल.”